आधी दोष लिही

पांचाळकाकांच्या शोकसभेत पिस्तूल हा शब्द कोणीच उच्चारला नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या हर्नडनच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. त्यांनी गणपतीसाठी केलेल्या, एकही स्क्रू नसलेल्या मखराबद्दल कोणी बोललं. कोणी त्यांनी दुरुस्त करून दिलेल्या शिलाई मशीनबद्दल बोललं. मंडळाचे एक माजी अध्यक्ष म्हणाले, "काकांचं एक छोटंसं रिपेअरिंगचं दुकान होतं." नलिनीकाकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "रिपेअरिंगचं म्हणे! हे असते तर उठून आधी यालाच रिपेअर केलं असतं."

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मला चारचौघांत सुचत नाही, कागदावर सुचतं आणि तेही सावकाश. शिवाय मला जे सांगायचं होतं ते त्या हॉलमध्ये सांगणं अवघड होतं. दिनकर पांचाळ जुनी, वापरलेली पिस्तुलं इंटरनेटवर विकत असत. त्या धंद्यात खऱ्या-खोट्यावरून जेवढे तंटे होतात तेवढे सोनाराच्या पेढीवरही होत नसतील. आणि त्याच धंद्यात ओहायोपासून टेक्सासपर्यंतची, त्यांना कधी न पाहिलेली माणसं म्हणत, "पांचाळने लिहिलंय ना, मग तसंच असणार." मखर मलाही आठवतं. पण अभिमान वाटतो तो या वाक्याचा.

मी २००३ साली नवऱ्याच्या मागोमाग हर्नडनला आले. नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. इथे डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. प्रशांत सकाळी ऑफिसला गेला की मी लायब्ररीतून आणलेली पुस्तकं घेऊन बसायची. पांचाळ पती-पत्नी आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. काकू नर्स. सत्तरच्या दशकात नोकरीसाठी त्या आधी आल्या, आणि अंबरनाथच्या कारखान्यातली तपासनिसाची नोकरी सोडून काका त्यांच्यामागून आले. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग मापात आहे का ते बघायचं आणि नसला तर बाजूला काढायचा, हे त्यांचं तिथलं काम. इथे पहिलं वर्षभर त्यांना काही काम मिळालं नव्हतं.

"मीसुद्धा बायकोचा डिपेंडंटच होतो," पहिल्याच भेटीत ते म्हणाले. "ती ड्यूटीवर, मी खिडकीत. रस्त्यावरच्या गाड्या मोजायचो. तू काय मोजतेस?"

"पानं," मी म्हटलं.

ते मनापासून हसले. "मग दुकानात ये. माझं इंग्रजी बोलायला ठीक, पण लिहायला बसलो की स्पेलिंगला गंज चढतो. मला लिहिणारं माणूस पाहिजे."

दुकान छोट्या दुकानांच्या रांगेत होतं. एका बाजूला भुवया कोरून देणारं पार्लर, दुसऱ्या बाजूला टॅक्सचे फॉर्म भरून देणारा माणूस. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'पांचाळ' लिहिलेलं. आत एक काउंटर, मागे लोखंडी तिजोऱ्या, आणि उत्तरेकडच्या खिडकीखाली हिरवं फेल्ट लावलेलं टेबल. टेबलावर वाकणारा दिवा.

"पहिली गोष्ट," काका म्हणाले, "हात मागे. तुझ्या व्हिसावर पिस्तूल हातात घेता येत नाही, तसा कायदा आहे. बघायचं, लिहायचं, हात लावायचा नाही. दुसरी गोष्ट, हे काम नाही. हा शेजारधर्म. दुपारी काकूच्या हातचं जेवायचं."

अशी मी त्या टेबलाशी चार वर्षं उभी राहिले, शाळेतल्या मुलीसारखे हात पाठीमागे बांधून. ते पिस्तूल दिव्याखाली धरायचे, फिरवायचे, बोलायचे. मी ते ऐकून मग शेजारच्या टेबलावर जाऊन लिहायची. शंभरावर पिस्तुलांची वर्णनं मी लिहिली. त्यातल्या एकाचंही वजन मला माहीत नाही.

पिस्तूल हातात घेण्याआधी काका हात धुवायचे, आणि नंतरही. दुकानातला रेडिओ बंद करायचे. मग टेबलाशी बसून त्या पोलादाशी मराठीत बोलायचे, "हं, बोल बाबा. कुठे कुठे लागलंय तुला?" गिऱ्हाईक समोर असलं तरीही. एका गोऱ्या गिऱ्हाइकाने मला विचारलं होतं, ही काही प्रार्थना आहे का. मी हो म्हणून टाकलं.

इंटरनेटवर पिस्तूल विकायचं म्हणजे ते गिऱ्हाइकाच्या घरी थेट पाठवता येत नाही. त्याच्या गावाजवळच्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवायचं, तिथे गिऱ्हाइकाने कागदपत्रं करून ते घ्यायचं. मग तीन दिवसांची मुदत. वर्णनाबरहुकूम नसेल तर परत. भांडणं पेटतात ती या तीन दिवसांत. फोटोत न दिसलेला एखादा ओरखडा दिसतो. नळी नंतर बदललेली निघते. आणि सगळ्यांत मोठा वाद ब्लूइंगचा. जुन्या पोलादावर कारखान्याने दिलेला निळसर-काळा रंग म्हणजे ब्लूइंग. तो मूळचा असेल, मग भले झिजलेला असो, तर वस्तू खरी. कोणी ते पॉलिश करून पुन्हा रंगवलं असेल तर ते दिसतं नव्यासारखं, पण जाणकाराच्या लेखी त्याची किंमत अर्ध्यावर येते. चकचकीत असणं हाच संशय.

माझं पहिलं वर्णन मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं. 'एका देखण्या काळातलं देखणं पिस्तूल' अशी सुरुवात होती. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला.

"मुलगी दाखवायला बसवलीयेस काय? गोरीपान, गृहकृत्यदक्ष?"

"मग काय लिहू?"

"आधी दोष लिही. सगळे. कुठे खरचटलंय, कुठे गंजाचे टिपके आहेत, कुठला स्क्रू नवा आहे. ते वाचूनही जो थांबेल त्याच्यासाठी खाली गुण लिही. आपल्याकडे पत्रिका बघतात ना, तशी ही याची पत्रिका. मंगळ असेल तर पहिल्या ओळीत मंगळ."

त्या दिवसापासून दुकानात आम्ही वर्णनाला पत्रिका म्हणू लागलो. पत्रिकेसोबत आलेखाच्या कागदावर पिस्तुलाच्या दोन्ही बाजूंची रेखाकृती असे, आणि तीत प्रत्येक ओरखडा मापाने काढलेला. एका पिस्तुलाला अख्खी दुपार जायची. "बाकीचे विकणारे चार फोटो टाकतात आणि मोकळे होतात," मी एकदा म्हटलं. काका म्हणाले, "फोटो खोटं बोलत नाही गं, पण गप्प बसतो."

या पद्धतीपायी एक भांडण उलटंही झालं. टेक्सासहून एका माणसाचा फोन आला, चांगलाच तापलेला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा हे पिस्तूल बरंच चांगलं आहे," तो म्हणाला.

"मग तक्रार काय आहे?"

"तेच विचारतोय. असं कोणी लिहितं का? नक्की काय लपवताय तुम्ही?"

काकांनी त्याला अर्धा तास समजावलं. पत्रिकेतला एकेक दोष दिव्याखाली कसा शोधायचा ते सांगितलं. "आता दिवा डावीकडून आणा. खाली वाका. दिसला टिपका?" शेवटी पलीकडून आवाज आला, "दिसला! अरे, खरंच आहे." इतका आनंद झाला होता त्याला. फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "आता शांत झोपेल बिचारा. माल खराब निघाला."

दुसरं एक प्रकरण इतकं गमतीचं नव्हतं. जॉर्जियातल्या एका गिऱ्हाइकाने पिस्तूल परत पाठवायची परवानगी मागितली. मुठीवरच्या लाकडी फळ्या मूळच्या नाहीत, नकली आहेत, असं त्याचं म्हणणं. सोबत फोटो. मी फोटो आणि आमची रेखाकृती शेजारीशेजारी ठेवली. काकांनी डाव्या फळीवरच्या लाकडाच्या रेषासुद्धा काढल्या होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं. फोटोतल्या फळीवर सरळ रेषा. त्याने फळ्या बदलल्या होत्या आणि आता पैसेही परत मागत होता.

मी संतापाने पत्राचा मसुदा केला. त्यात 'फसवणूक' हा शब्द दोनदा होता. काकांनी तो फाडला आणि सांगितलं तसं मी लिहिलं: आपल्याकडे एकाहून अधिक पिस्तुलं असावीत. साफ करताना फळ्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे. सोबत आमच्या फळ्यांचं चित्र जोडलं आहे, कृपया शोधून पाहावं.

"त्याने चोरी केलीय, काका."

"मला कळतं. पण त्याला निसटायला दार ठेवलं की भिंतीला डोकं आपटणार नाही तो."

आठवड्याने पाकीट आलं. आत फक्त दोन्ही मूळच्या फळ्या, आणि एका चिठ्ठीवर तीन शब्द: सापडल्या, माफ करा. काकांनी पिस्तूल परत घेतलं, त्यावरच्या नकली फळ्या त्याला पोस्टाने पाठवल्या आणि पैसे देऊन व्यवहार मिटवला. पुढे तोच माणूस त्यांच्याकडून दोनदा खरेदी करून गेला.

मराठी मंडळींत मात्र 'ते बंदूकवाले काका' अशीच ओळख. घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या एका पॉटलकमध्ये पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका तरुणाने त्यांना विचारलंच, "काका, सॉरी हं, पण तुम्ही प्युअर व्हेज. आणि धंदा हा? यार, झोप कशी लागते?"

काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली. "प्रश्न बरोबर आहे तुझा. मी रोज सकाळी शटर वर करताना स्वतःला विचारतो. म्हणून तर जेवढ्यांना विकतो त्याच्या दुप्पट लोकांना परत पाठवतो."

हे मी पाहिलेलं होतं. एकदा एक माणूस बायकोबरोबर आला. कागदपत्रं बिनचूक. बायको काउंटरपर्यंत आली नाही, दाराशीच उभी राहिली आणि नवऱ्याचा आवाज चढला की डोळे मिटत होती. काका म्हणाले, "आज मी तुम्हाला विकणार नाही." का, असं त्याने तीनदा विचारलं. काकांनी तिन्ही वेळा तेच वाक्य सांगितलं, त्याच आवाजात. तो शिव्या देऊन गेला. काकांनी दाराला आतून कडी घातली आणि त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

२००६च्या उन्हाळ्यात एका वृद्ध विधवा बाईंनी नवऱ्याचं जुनं लष्करी पिस्तूल विकायला आणून दिलं. सुरेख होतं. काकांनी ते दिव्याखाली धरलं. त्यांनी मान थोडी तिरकी केली होती. अलीकडे ते असं करू लागले होते, आणि आकडे मला वाचायला सांगत. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी समजत होते.

"अक्षरांच्या कडा बघ," ते नेहमीप्रमाणे म्हणाले. पोलादावर ठसवलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असल्या तर रंग मूळचा. पुन्हा रंगवण्याआधी पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिशने कडा मऊ होतात.

मी वाकून पाहिलं. त्या कडा मला वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारख्या दिसल्या.

"काका, या जरा गुळगुळीत नाही वाटत?"

त्यांनी पुन्हा मान तिरकी केली. बराच वेळ पाहिलं. "नाही गं, लख्ख आहेत. लिही, मूळ रंग."

मी लिहिलं. आमच्या घरात वडीलमाणसाला एखादी गोष्ट एकदा सांगायची, दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे उद्धटपणा, अशी शिकवण होती. आणि ज्या माणसाने मला बघायला शिकवलं त्यालाच, तुम्हाला दिसत नाही, असं कसं सांगणार? नखाने अक्षराची कड चाचपली असती तर खात्री झाली असती. पण माझे हात पाठीमागे होते.

पिस्तूल ओहायोतल्या ग्लेन नावाच्या एका स्कूलबस ड्रायव्हरने घेतलं आणि खूश होऊन फोन केला. मी तो विषय मनातून काढून टाकला.

पुढच्या वसंतात ग्लेनने ते पिस्तूल पुढे विकलं, आणि फिरत फिरत ते व्हर्जिनियातच, आमच्यापासून तासाभरावर असलेल्या वॉरंटनच्या एका दुकानात पोहोचलं. ते दुकान अर्लचं. अर्ल हा काकांच्याच वयाचा, जाडजूड, गन शोमध्ये भेटला की काकांना 'प्रोफेसर' म्हणून टोमणा मारणारा माणूस. काकांची पत्रिकेची पद्धत त्याला थेर वाटे. त्याने इंटरनेटच्या फोरमवर लिहिलं: पांचाळने मूळ रंगाचं म्हणून विकलेलं पिस्तूल माझ्या काउंटरवर आहे. ते पुन्हा रंगवलेलं आहे. यायचं त्याने येऊन बघावं.

दोन दिवसांत फोरमवर पन्नासएक उत्तरं आली, आणि जवळजवळ सगळी अर्लच्या विरुद्ध. पांचाळने लिहिलंय म्हणजे मूळच. अर्ल, तुझे डोळे तपासून घे. एकाने काकांच्या देशावरून काहीतरी घाणेरडं लिहिलं. त्याला अर्लनेच खडसावलं: माणूस कुठून आला याचा पोलादाशी काय संबंध? विषयावर बोल.

मी हे सगळं काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "उद्या मला वॉरंटनला ने."

गाडी मी चालवली. अर्लने पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हात छातीवर बांधले. काकांनी दिवा मागितला नाही. त्यांनी पिस्तूल उचललं, डोळे मिटले, आणि अंगठ्याचं नख पहिल्या अक्षरावरून फिरवलं. मग दुसऱ्या. एकूण पाच अक्षरं.

"तुझं बरोबर आहे," ते अर्लला इंग्रजीत म्हणाले. "माझं चुकलं."

अर्लचे बांधलेले हात सुटले. तो भांडायच्या तयारीने उभा होता, आता हातांचं काय करावं हे त्याला कळेना.

काका माझ्याकडे वळले. "तुला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"म्हटलं होतं मी. एकदा."

"एकदा!" ते मराठीत इतक्या जोरात ओरडले की अर्ल दचकला. "अंबरनाथला एकदा म्हणून गप्प बसणाऱ्याला आम्ही तपासनीस नेमत नव्हतो. टेबल बडवायचं होतंस. मला म्हातारा म्हणायचं होतंस!" मग आवाज खाली आला. "तुला कसला ओरडतोय मी. दीड वर्ष झालं. मधोमध काहीतरी पुसल्यासारखं दिसतं. कडेकडेचं दिसतं, म्हणून मान तिरकी करून चालवून नेत होतो. डॉक्टरला दाखवलं असतं तर नाव कळलं असतं. मला नाव नको होतं."

नाव पुढच्याच आठवड्यात कळलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, मधली नजर जाते, उपाय फारसा नाही. पण त्याआधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं. ग्लेनपासून पुढच्या सगळ्यांचं नुकसान त्यांनी भरून दिलं, आणि त्या विधवा बाईंना यातलं अक्षरही कळू दिलं नाही. तेवढ्यावर भागलं असतं. पण काकांना ती दीड वर्षं खुपत होती. त्या काळात त्यांच्या शब्दावर विकलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या मालकाला पत्र लिहायचं, असं त्यांनी काढलं.

त्यांची मुलगी मेधा रिचमंडला दातांची डॉक्टर आहे. ती खास एवढ्यासाठी आली.

"बाबा, दीज पीपल आर हॅपी! त्यांना काही प्रॉब्लेम नाही. नोबडी विल एव्हर नो."

"मला माहितीये ना."

"तुम्ही पंचवीस वर्षांचं नाव स्वतःच्या हाताने खराब करताय."

"नाव खराब झालं की नाही तेच तर बघायचंय."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मला काकांचा वॉरंटनमधला ओरडा आठवला आणि मी बोलले, "काका, मेधा म्हणतेय त्यात तथ्य आहे. पुन्हा विचार करा." आणि थोड्या वेळाने परत एकदा तेच म्हटलं. काकांनी दोन्ही वेळा नीट ऐकून घेतलं. "शाब्बास," ते म्हणाले. "आता पत्र लिही."

ते पत्र मी त्यांच्या तोंडून उतरवलं, आणि फोरमवरही तेच टाकलं. पहिली ओळ होती, 'माझी चूक झाली आहे.' पुढे होतं: गेलं दीड वर्ष माझी दृष्टी कमी होत होती आणि ते मी आधी स्वतःपासूनच लपवलं. या पिस्तुलातला दोष माझी वर्णनं लिहिणाऱ्या बाईंना दिसला होता. त्यांनी मला सांगितलं, मी ऐकलं नाही. या काळात माझ्याकडून घेतलेलं पिस्तूल पुन्हा तपासून हवं असेल त्यांनी ते माझ्या खर्चाने वॉरंटनला अर्लकडे पाठवावं. तो जे सांगेल ते मला मान्य असेल.

माझ्याबद्दलचं वाक्य काढा म्हणून मी विनवलं. त्यांनी ते काढलं नाही.

अर्लला हे विचारायला गेलो तेव्हा त्याने आधी साफ नकार दिला. "मीच का? शंभर लोक आहेत. तुझे दोस्त आहेत."

"माझी चूक सापडली तर ज्याला आनंद होईल असा तू एकटाच आहेस," काका म्हणाले. "मला असाच तपासनीस हवा."

अर्लने आत जाऊन एक जास्तीचं स्टूल आणलं आणि काउंटरशी ठेवलं.

एक्केचाळीस पत्रं गेली. बऱ्याच जणांनी उलट टपाली लिहिलं, ठीक आहे, आमची तक्रार नाही. सतरा पिस्तुलं आली. सबंध उन्हाळा आणि पुढचा पानगळीचा ऋतू दर शनिवारी सकाळी मी काकांना वॉरंटनला नेत असे. अर्ल दिवा लावून, भिंग घेऊन तपासायचा, मी आमच्या पत्रिकेतली एकेक ओळ वाचायची, आणि काका स्टुलावर बसून ऐकायचे, परीक्षेचा निकाल ऐकावा तसे. काकू सोबत थालीपीठं द्यायच्या. तिसऱ्या शनिवारी अर्लने ती न विचारता घ्यायला सुरुवात केली. पत्रिका वाचताना तो मला मधेच थांबवू लागला, "सावकाश, मॅम, सावकाश. हा टिपका मला अजून सापडला नाही." सहाव्या-सातव्या शनिवारपासून त्याने आपल्या दुकानातल्या पिस्तुलांसाठीही आलेखाचे कागद आणले. काकांनी ते पाहिले नाहीत. मी सांगितल्यावर ते फक्त "हं" म्हणाले, पण घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

सोळा तपासून झाली तेव्हा त्यांतलं एक चुकीचं निघालं होतं. त्याचीही भरपाई झाली. त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी तीच पत्रिका माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. काकू मला म्हणाल्या, "यांना सोळातलं एकच दिसतं. पंधरा दिसत नाहीत. हे डोळ्याचं नाही हो, हे आधीपासूनचं."

सतरावं आलं ते डिसेंबरात. तोवर काकांनी परवाना परत करायचा अर्ज दिला होता, नव्या वर्षात दुकान बंद व्हायचं होतं. त्यानंतरही ते बरीच वर्षं होते, त्यांची-माझी भेट होत राहिली, मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवत असे. पण काका म्हटलं की मला दिसते ती ती सकाळ.

अर्लने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. पत्रिकेत बावीस दोष होते. मी वाचत गेले, तो शोधत गेला. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, टोकावरचा एक केसाएवढा ओरखडा त्याला सापडेना. त्याने दिवा फिरवला, भिंग बदललं, दाराशी जाऊन उन्हात पाहिलं. काका स्टुलावर ताठ बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग अर्ल दारातूनच म्हणाला, "आहे. लिहिलंय तिथेच आहे." आत येऊन त्याने पिस्तूल ठेवलं, दिवा बंद केला. "बावीसच्या बावीस. रंग मूळचा. यात मला जोडण्यासारखं काही नाही, पांचाळ."

प्रोफेसर म्हणाला नाही. नाव घेतलं, आणि बरोबर उच्चारलं.

काका उठले. त्यांनी कोट नीट केला, आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. मधली नजर तोवर पुरती गेली होती. त्यांचा हात अर्लच्या बराच डावीकडे, काउंटरवरच्या रिकाम्या हवेत थांबला. चेहऱ्यावर हसू होतं, मान ताठ होती. समोरच्याने हात दिलेला नाही हे त्यांना कळलं नव्हतं.

अर्ल दोन पावलं बाजूला सरकला आणि जिथे तो हात होता तिथे जाऊन उभा राहिला.